कॅप्टन नेमोच्या वयाचा हिशेब

बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार युरोपातील शिक्षण संपवून १८४९ साली मायदेशी परतला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. १८६८ च्या ऑक्टोबरात पॅसिफिक महासागरातील एका बेटाच्या पोटात, समुद्राचे पाणी भरलेल्या गुहेत, आपल्याच पाणबुडीत त्याने अखेरचा श्वास घेतला, तेव्हा तो साठी ओलांडलेला वृद्ध होता. एकोणीस वर्षांत माणसाचे वय तीस वर्षांहून अधिक वाढावे, हा चमत्कार विज्ञानकथेलाही पेलणारा नाही. परंतु कॅप्टन नेमो या नावाने जगभर परिचित असलेल्या या राजपुत्राच्या बाबतीत तो घडला आहे आणि गेली दीडशे वर्षे त्याचे वाचक हा हिशेब जुळविण्याच्या खटाटोपात आहेत.

हा घोळ घालून ठेवणारा लेखक म्हणजे ज्यूल व्हर्न. चित्रपटांच्या आणि दूरचित्रवाणीच्या लांबलचक विज्ञानमालिकांमध्ये एका भागातील तारीख दुसऱ्या भागाशी जुळत नाही, मेलेले पात्र पुढे जिवंत सापडते आणि मग चाहते तर्क लढवून ती फट बुजवितात, हे आजच्या वाचकाला नवीन नाही. तथापि हा छंद पडद्याहून जुना आहे. १८६३ पासून मृत्यूपर्यंत व्हर्नने ‘अद्भुत प्रवास’ या एकाच मालेत पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. इतक्या विस्तारात चुका राहणारच. नेमोच्या कहाणीतील सर्वांत मोठी फट मात्र लेखकाच्या विसराळूपणामुळे पडलेली नाही. तिचे कारण त्याच्या आणि त्याच्या प्रकाशकाच्या नात्यात आहे, आणि ती बुजविण्यासाठी अखेर १८५७ च्या उठावातील एका हिंदी माणसाला बोलवावे लागले.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदरात झाला. वडील पिएर व्हर्न वकील होते. पाच भावंडांत तो थोरला. लुआर नदीवर येणारी शिडाची जहाजे, गोदामांतून येणारा साखरेचा आणि मसाल्यांचा वास, खलाशांच्या गप्पा या वातावरणात तो वाढला. धाकटा भाऊ पॉल पुढे खरोखरीच नौदलात गेला. थोरल्याला मात्र वडिलांची वकिली चालविण्यासाठी राखून ठेवलेले होते. अकराव्या वर्षी ज्यूल घरातून पळाला, चुलत बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणावी म्हणून तिकडच्या जहाजावर चढला आणि वडिलांनी त्याला पुढच्याच बंदरावर उतरवून घेतले, ही कथा त्याच्या बहुतेक चरित्रांत आढळते. ती प्रथम ठळकपणे मांडली ती १९२८ साली नात्यातील एका बाईंनी लिहिलेल्या चरित्राने, आणि नंतरच्या अभ्यासकांना तिला पुरावा सापडलेला नाही. ज्याच्या कादंबऱ्यांतील फटी वाचकांनी तर्काने भरल्या, त्याच्या बालपणातील फट घरच्यांनी कथेने भरली, असे म्हणावे लागते.

कायद्याच्या शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला ते साल १८४८, म्हणजे क्रांतीचे. परीक्षा त्याने दिल्या, पण मन नाटकात. थोरल्या अलेक्झांडर द्यूमाची ओळख झाली, काही प्रयोग झाले, एका संगीत नाट्यगृहाच्या चिटणिशीत वर्षे गेली. वडिलांची गादी चालविण्यास त्याने नकार दिला. १८५७ च्या जानेवारीत ओनोरीन या विधवा स्त्रीशी त्याचा विवाह झाला. तिला आधीच्या दोन मुली होत्या. संसारासाठी त्याने शेअर बाजारातील दलाली पत्करली. सकाळी लवकर उठून लेखन आणि नंतर बाजार असा त्याचा दिवस असे. उरलेला वेळ तो ग्रंथालयात काढी. भूगोल, खगोल, यंत्रविद्या, प्रवासवर्णने यांची टिपणे करण्याची सवय त्याला तेव्हापासून लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. १८६१ मध्ये मिशेल हा त्याचा एकुलता एक मुलगा जन्मला.

१८६२ मध्ये व्हर्नची गाठ पिएर-ज्यूल एत्झेल या प्रकाशकाशी पडली. एत्झेल साधा पुस्तकविक्या नव्हता. तो स्वतः लेखक होता, १८४८ च्या प्रजासत्ताकात त्याने काम केले होते आणि त्यापायी त्याला ब्रसेल्समध्ये परागंदा होऊन राहावे लागले होते. बाल्झाक आणि ह्यूगो यांची पुस्तके त्याने काढली होती. फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या तीन प्रवाशांची व्हर्नची कादंबरी १८६३ च्या जानेवारीत त्याने प्रसिद्ध केली आणि ती गाजली. दर वर्षी ठरावीक खंड द्यायचे, ते आधी मुलांसाठीच्या पाक्षिकात क्रमशः यायचे, मग पुस्तकरूपाने, असा करार झाला. दलालाच्या नोकरीतून व्हर्न सुटला. त्याच्या मोबदल्यात त्याला घराघरांतून, पाद्र्यांच्या शाळांतून वाचले जाईल असेच लिहिणे भाग पडले.

एत्झेल हस्तलिखितावर लाल पेन्सिल चालवी आणि व्हर्न बहुधा ऐके. विसाव्या शतकातील पॅरिसचे उदास चित्र रंगविणारी त्याची एक सुरुवातीची कादंबरी एत्झेलने साफ नाकारली. ती कुटुंबाच्या तिजोरीत पडून राहिली आणि थेट १९९४ मध्ये छापली गेली. उत्तर ध्रुवाच्या वेडाने झपाटलेल्या कॅप्टन हॅटेरासला व्हर्नने ज्वालामुखीच्या मुखात मृत्यू दिला होता. एत्झेलला ते रुचले नाही, म्हणून छापील पुस्तकात हॅटेरास वाचतो, वेडा होतो आणि इस्पितळाच्या बागेत नेहमी उत्तरेच्याच दिशेने चालत राहतो. हा बदल मूळ कल्पनेहून सरस आहे हे मान्य करायला हवे. एत्झेलची सूचना दर वेळी चुकीची नसे, आणि व्हर्नला तिच्यापुढे मान तुकविणे सोपे जाई ते त्यामुळेच.

नेमोच्या वेळी मात्र वाद पेटला. १८६९ च्या मार्चपासून समुद्राखालील वीस हजार लीगांची कथा एत्झेलच्या पाक्षिकात येऊ लागली. आपला पाणबुडीवाला कॅप्टन पोलंडचा सरदार आहे, असे व्हर्नच्या मनात होते. १८६३ चा पोलिश उठाव रशियाने नुकताच चिरडला होता. या सरदाराची पत्नी व मुली रशियनांच्या अत्याचारांना बळी पडल्या, वडील चाबकाखाली मेले, सोबती सैबेरियात संपले. अशा माणसाने समुद्रात एखादे रशियन जहाज बुडविले तर वाचकाला कारण विचारावे लागणार नाही, असे व्हर्नने प्रकाशकाला पत्रांतून बजावले. एत्झेलची अडचण वेगळी होती. रशिया ही फ्रेंच पुस्तकांची मोठी बाजारपेठ होती आणि झारच्या सरकारला डिवचणारे पुस्तक तेथे बंद पडले असते. त्याने गुलामांच्या व्यापाऱ्यांना नेमोचे शत्रू करावे असे सुचविले. व्हर्नला ते मुळीच पटले नाही. गुलामांचा व्यापार करणाऱ्यांना सगळेच धिक्कारतात, मग त्यांच्यावर सूड घेण्यासाठी लपून राहण्याचे कारण काय, असा त्याचा मुद्दा होता. शेवटी तडजोड झाली. नेमो कोण, कुठला, कोणावर संतापलेला, हे सांगायचेच नाही. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी कोणी नाही असा. ज्या युद्धनौकेला तो शेवटी बुडवितो, तिच्यावर निशाण नाही.

नाव पुसले तरी पोलंडच्या खुणा पानांत राहून गेल्या. नेमोच्या खोलीत प्राध्यापक आरोनाक्सला थोर पुरुषांची चित्रे दिसतात. त्यांत पोलंडचा कोशच्युश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, अमेरिकेचे वॉशिंग्टन आणि लिंकन, इटलीचा मानिन आणि गुलामगिरीविरुद्ध फासावर गेलेला जॉन ब्राउन आहेत. एकही चेहरा हिंदुस्थानचा नाही. नेमो पुढे जर १८५७ चा लढवय्या ठरायचा होता, तर त्याच्या भिंतीवर आपल्या भूमीतले कोणीच का नव्हते, हा प्रश्न जाणत्या वाचकाला पडतो. महाकाय सागरी प्राण्याच्या विळख्यात सापडलेला एक खलाशी मरतामरता फ्रेंच भाषेत मदत मागतो, हीदेखील अशीच खूण. पुढील खंडाप्रमाणे ‘नॉटिलस’वर डक्कारचे विश्वासू हिंदी सोबती असायला हवेत. त्यांच्यात हा फ्रेंच कुठून आला? उलट बाजूने एक पुरावा आहे, आणि तो बळकट आहे. सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर नेमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कच्या तावडीतून वाचवितो, त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो आणि आपण अशाच दडपलेल्या लोकांपैकी आहोत असे सुचवितो. कदाचित व्हर्नला तेव्हाच दुसरी वाट सुचली असावी. कदाचित तो केवळ दीनदुबळ्यांबद्दलचा उमाळा असेल आणि पुढे त्याचा उपयोग झाला असेल.

यानंतर फ्रान्सवर १८७० चे युद्ध कोसळले. व्हर्न पत्नीच्या गावी, आमियाँ येथे, स्थायिक झाला. रॉबिन्सन क्रूसोच्या धर्तीची त्याची एक कादंबरी एत्झेलने परत केली होती. ती त्याने पुन्हा रचली, आणि १८७४ व १८७५ अशी दोन वर्षे ‘गूढ बेट’ क्रमशः प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धातून १८६५ च्या मार्चमध्ये फुग्यातून निसटलेले पाच जण एका निर्जन बेटावर पडतात, विटा भाजण्यापासून तारायंत्रापर्यंत सारे स्वतः उभारतात, आणि कोणीतरी अदृश्य हात त्यांना वारंवार मदत करतो. तो हात नेमोचा. मृत्युशय्येवर तो आपली ओळख सांगतो. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, राजपुत्र डक्कार. उठावात तो लढला, दहा जखमा झाल्या, त्याचे कुटुंब मारले गेले, आणि वीसेक सोबत्यांसह तो समुद्राखाली नाहीसा झाला.

या एका कबुलीने अगोदरच्या दोन्ही कादंबऱ्यांचे कालमान कोलमडले. आरोनाक्स १८६७ च्या नोव्हेंबरात ‘नॉटिलस’वर चढला आणि १८६८ च्या जूनमध्ये निसटला, असे पहिल्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे. दुसऱ्यात नेमो त्या भेटीला सोळा वर्षे झाल्याचे सांगतो, आणि सांगतो ते १८६८ च्याच ऑक्टोबरात. त्याहून मौज अशी की बेटावरचा इंजिनीअर सायरस स्मिथ आरोनाक्सचे पुस्तक वाचून नेमोला ओळखतो. ज्या घटना तो बेटावर अडकल्यानंतर घडल्या, त्यांचे पुस्तक त्याने केव्हा वाचले? आयर्टन या गुन्हेगाराची कथाही तशीच. कॅप्टन ग्रँटच्या शोधाच्या कादंबरीत समुद्रातील बाटली १८६४ च्या जुलैमध्ये सापडते आणि आयर्टनला टेबर बेटावर सोडले जाते ते १८६५ च्या मार्चमध्ये. ‘गूढ बेटा’त तो सापडतो १८६६ मध्ये, बारा वर्षांच्या एकांतवासाने रानटी झालेला. म्हणून सगळा प्रवास तेथे मुकाट्याने १८५४ मध्ये मागे ढकललेला आहे.

व्हर्नला हे कळत नव्हते असे नाही. पुस्तकाच्या तळटिपांत तारखा जुळत नसल्याची कबुलीच दिलेली आहे आणि अगोदरच्या पुस्तकात खऱ्या तारखा का देता आल्या नाहीत ते वाचकाला पुढे उमगेल, असे आश्वासनही आहे. पुढे काही विशेष उमगत नाही. हिशेब चुकल्याचे मान्य करायचे आणि त्याला गूढतेचा मुलामा द्यायचा, ही युक्ती नंतरच्या कित्येक मालिका-लेखकांनी वापरली.

भारतीय वाचकाला आणखी एक गाठ दिसते. टिपू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला पडला. तीस वर्षांचा होऊन १८४९ मध्ये परतलेला डक्कार जन्मला असेल १८१९ च्या सुमारास. म्हैसूरच्या सुलतानाचा भाचा बुंदेल्यांच्या राजघराण्यात कसा, हेही कोडेच. पण तर्कच लढवायचा तर मार्ग आहे. हैदरअली १७८२ मध्ये वारला. त्याच्या सर्वांत धाकट्या मुलीला १८१९ मध्ये मूल होणे अशक्य नाही. आणि बुंदेलखंडात मुसलमान राजघराणे नव्हते असेही नाही. छत्रसालाने बाजीरावाला दिलेल्या मुलखातून उभे राहिलेले बांद्याचे नबाब हे बाजीराव-मस्तानीचेच वंशज, आणि त्यांतला नबाब अलीबहादूर १८५७ मध्ये खरोखर उठावात उतरला होता. व्हर्नला यातले काही ठाऊक असण्याचा संभव कमीच. त्याला शूर वाटणारी दोन हिंदी नावे हवी होती. बुंदेलखंड आणि टिपू ही फ्रान्समध्ये ऐकून माहीत असलेली नावे त्याने एकत्र बांधली. टिपू तर इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांची मदत मागणारा, म्हणजे तिथल्या वाचकाला घरचाच.

पोलंडच्या जागी हिंदुस्थान आला तो असा. रशियाला दुखावणे परवडत नव्हते, इंग्लंडला दुखावल्याने पॅरिसच्या प्रकाशकाचे फारसे बिघडत नव्हते. एका देशाचे दुःख दुसऱ्या देशाच्या नावावर चढले, आणि तरीही ते बेगडी वाटत नाही, यात व्हर्नचे सामर्थ्य आहे.

व्हर्न हिंदुस्थानात कधीही आला नाही. त्याची मुंबई ग्रंथालयातली. ऐंशी दिवसांत जगाची सफर करणारा फिलिअस फॉग १८७२ च्या ऑक्टोबरात मुंबईत उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. पुढे घाट चढून गेलेली आगगाडी मध्येच थांबते, कारण अलाहाबादपर्यंतचा लोहमार्ग अपुरा आहे, आणि हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई ते कलकत्ता हा मार्ग १८७० च्या मार्चमध्येच पूर्ण झाला होता. त्या पन्नास मैलांच्या खोट्या तुटीवाचून मात्र फॉगला बुंदेलखंडाच्या जंगलात सतीच्या चितेवरून औदा सापडली नसती. ही औदा मुंबईतील पारशी व्यापाऱ्याची मुलगी आणि बुंदेलखंडच्या वृद्ध राजाची विधवा. पारशी स्त्री सती जाते आहे, यावर आपल्याकडील वाचक थबकतो. तो राजा आणि डक्कारचे घराणे एकच का, असा प्रश्न चाहत्यांना पडावा हेही साहजिक आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने व्हर्नचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत बोचणारे पुस्तक आहे १८८० चे ‘वाफेचे घर’. पोलादी हत्तीच्या रूपातील वाफेचे यंत्र दोन फिरती घरे ओढीत उत्तर हिंदुस्थानातून जाते, अशी ही कथा. ती सुरू होते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. ६ मार्च १८६७ च्या संध्याकाळी तेथे एक जाहीरनामा लागलेला आहे. धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब याला जिवंत वा मृत पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. व्हर्न नाव लिहितो दांदू-पंत. वेरूळच्या लेण्यांतही नानासाहेबांचा वावर आहे. मराठवाड्याच्या भूमीवर पेशव्यांचा वारस फकिराच्या वेषात फिरतो आहे, हे दृश्य वाचताना अंगावर काटा येतो, आणि मग लक्षात येते की लेखकाने त्यांना खलनायक ठरविले आहे. कानपूरच्या हत्याकांडात पत्नी गमावलेला कर्नल मन्रो सूडासाठी निघालेला, आणि झाशीच्या राणीला त्यानेच मारले म्हणून नानासाहेबही सूडासाठी निघालेले, अशी ही गुंफण आहे. राणी ग्वाल्हेरजवळ लढाईत पडली, हा इतिहास कादंबरीला मानवला नाही.

त्या काळच्या या मुलखाचा हिशेबही कादंबरीइतकाच गुंतागुंतीचा होता. नळदुर्ग जिल्हा, ज्याच्या टापूत उमरग्याचा परिसर येतो, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. म्हणजे उठावाच्या वर्षी उमरग्याकडे इंग्रजी अंमल, आणि व्हर्नच्या जाहीरनाम्याच्या वर्षी पुन्हा निजामाचा. उठावापूर्वी नळदुर्गाचा कारभार पाहणारा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी स्वतः कादंबरीकार होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची ‘तारा’ त्याने १८६३ मध्ये लिहिली. टेलरने हा प्रदेश घोड्यावरून पाहिला होता. व्हर्नने तो नकाशावर पाहिला, आणि जगाने वाचला तो मात्र व्हर्न.

इतिहासातील नानासाहेबांच्या अखेरीविषयी खात्रीचे कोणालाच सांगता आलेले नाही. १८५९ मध्ये ते नेपाळच्या तराईत गेले, आणि पुढचा माग लागत नाही. ते जिवंत असल्याच्या वावड्या वर्षानुवर्षे उठत राहिल्या. १८७४ च्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरला शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. चौकशीत तो दुसराच निघाला. नेमक्या त्याच महिन्यांत पॅरिसमध्ये ‘गूढ बेट’ क्रमशः चालू होते. उठावात हरलेला, कुटुंब गमावलेला आणि देह न सापडलेला राजपुरुष ही कल्पना तेव्हा वर्तमानपत्रांच्या वाऱ्यावरच होती. नेमो म्हणजे नानासाहेब, असे म्हणण्याचा मोह त्यामुळे होतो. एत्झेलला लिहिलेली १८६९ ची पत्रे तो मोह टिकू देत नाहीत. तरीही एक साम्य व्हर्नने स्वतःच ठेवले आहे. ‘वाफेच्या घरा’च्या शेवटी पोलादी हत्ती बाष्पपात्रासह फुटतो, त्याला बांधलेल्या नानासाहेबांचा देह सापडत नाही, आणि ते अमर आहेत अशी दंतकथा मागे उरते.

पाच वर्षांपूर्वी ज्या लेखकाने १८५७ च्या योद्ध्याला नायक केले, त्यानेच त्या उठावाच्या पुढाऱ्याला राक्षस का करावे? याच कादंबरीत त्याने उठावाचा इतिहास सांगणारे एक प्रकरण घातले आहे, आणि त्यात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेल्या माणसांचाही उल्लेख टाळलेला नाही. पण कानपूरच्या बीबीघराची कथा युरोपात इतकी पसरली होती की नानासाहेब या नावाला दुसरा अर्थ उरलाच नव्हता. काल्पनिक डक्कारला व्हर्न न्याय देऊ शकला, कारण त्याच्यावर कोणी आधी लिहिले नव्हते. नेमोतल्या आणि नानासाहेबांतल्या या विसंगतीकडे पाश्चात्त्य चाहत्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तारखांच्या घोळाहून ती कितीतरी मोठी आहे.

व्हर्नचे उत्तरायुष्य सुखाचे झाले नाही. मिशेल उधळ्या निघाला, त्याची कर्जे बापाने फेडली. ‘सेंट मिशेल’ ही हौसेची मोठी नौका १८८६ मध्ये विकावी लागली. त्याच वर्षी ९ मार्चला मानसिक तोल गेलेल्या पुतण्याने, पॉलच्या मुलाने, त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पायातली गोळी निघाली नाही आणि तो कायमचा लंगडा झाला. आठवड्याभरात एत्झेल वारला. व्हर्नला अंत्ययात्रेलाही जाता आले नाही. समुद्रप्रवास संपले. १८८८ पासून तो आमियाँच्या नगरपालिकेत सभासद म्हणून बसू लागला आणि शाळा, नाट्यगृह, सर्कशीची इमारत यांच्या कामात लक्ष घालू लागला. मधुमेह आणि मोतीबिंदू यांनी गाठले तरी पहाटेचे लेखन चालूच होते.

या काळात तो स्वतःच कोणाचा तरी चाहता होऊन बसला. एडगर ॲलन पो याची दक्षिण सागरावरची कादंबरी १८३८ मध्ये अर्धवट तुटल्यासारखी संपली होती. धुक्याच्या भिंतीपुढे उभी असलेली ती पांढरी आकृती कोणाची, हे पोने सांगितले नाही. व्हर्नला पोचे तरुणपणापासून वेड. १८९७ मध्ये त्याने त्या कथेचा पुढचा भागच लिहिला आणि त्या आकृतीला दगडी चुंबकाच्या पर्वताचा वैज्ञानिक खुलासा दिला. दुसऱ्याच्या फटी बुजविणारा हा माणूस स्वतःच्या मालेत नव्या पाडीतच होता. १८८६ मधला विमानवीर रोबूर गर्विष्ठ असला तरी उदात्त होता. १९०४ मध्ये तो परतला तो जगाला धमकावणारा वेडा होऊन.

२४ मार्च १९०५ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, आमियाँ येथे व्हर्नचे निधन झाले. माला मात्र थांबली नाही. मिशेलने मागे राहिलेली हस्तलिखिते एकामागून एक छापली. वाचक ती बापाची म्हणून वाचीत राहिले. पिएरो गोंदोलो देल्ला रिव्हा या इटालियन संग्राहकाने १९७८ मध्ये दाखवून दिले की मिशेलने त्यांत प्रकरणे घातली, पात्रे वाढविली, शेवट बदलले. मरणोत्तर खंडांतल्या विसंगतींवर लढविलेल्या कित्येक तर्कांचा पायाच त्यामुळे निसटला.

चाहत्यांना त्याने खीळ बसली नाही. १९५९ मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने नेमो हा हिंदी राजपुत्र नसून शेरलॉक होम्सचा शत्रू मोरिआर्टीच होता, असे अर्ध्या थट्टेने सिद्ध केले. १९७३ मध्ये फिलिप होजे फार्मर या विज्ञानकथाकाराने त्या तर्काच्या आधारे फिलिअस फॉगच्या प्रवासाची दुसरी गुप्त रोजनिशी रचली. आपल्या दृष्टीने हा मोठा अन्याय. मोरिआर्टी मानायचे तर १८५७ ची सारी कहाणी थाप ठरते. उलट २००३ च्या इंग्रजी चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांनी नेमो साकारला, आणि २०२४ च्या ‘नॉटिलस’ मालिकेतही तो हिंदी राजपुत्रच आहे.

मराठीत व्हर्न विसाव्या शतकाच्या आरंभीच आला. चंद्राच्या सफरीचे भाषांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. पुढे भा. रा. भागवतांनी त्याला घरोघरी पोहोचविले. त्यांच्या ‘चंद्रावर स्वारी’सारख्या पुस्तकांवर कित्येक पिढ्यांच्या सुट्या गेल्या. मुलांना तारखांशी काय देणे असणार? नेमो आपला आहे एवढे कळले की पुरे.

तो आपला आहे याची एक खूण मात्र छापील पुस्तकात नाही. हस्तलिखितांच्या आणि पत्रव्यवहाराच्या अभ्यासातून ती उजेडात आली. मरणाऱ्या नेमोच्या तोंडी व्हर्नने एकच शब्द घातला होता, स्वातंत्र्य. एत्झेलने तो काढला आणि देव व मायदेश यांचे नाव घालायला लावले. व्हर्नने याही वेळी ऐकले. हॅटेरासच्या वेळी प्रकाशकाची पेन्सिल कथेच्या कामी आली होती, या वेळी तसे म्हणता येत नाही. ज्याचा पोलंड काढून घेतला होता, त्याचे हे शेवटचे अक्षरही गेले, आणि आजही दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांत नेमो एत्झेलच्याच शब्दांनी प्राण सोडतो.